नवऱ्यासाठी ज्यू धार्मिक वस्तू भेट द्यायचीय, दिसायला सुंदर पण वापरात येणारी, प्लीज सुचवा

साराई_लिहिते

नमस्कार मंडळी,

लग्नाचा वाढदिवस जवळ आलाय आणि या वेळी घड्याळ, शर्ट, परफ्यूम हे सगळं सोडून नवऱ्याला ज्युडाइकामधलं काहीतरी द्यायचं मनात आहे. थोडं आमच्याबद्दल सांगते म्हणजे सुचवायला सोपं जाईल. मी बेने इस्राएल (महाराष्ट्रातले ज्यू), माहेरी मराठीच बोलतो, नवरा अश्केनाझी (युरोपातले ज्यू), त्याचे आजोबा पोलंडकडचे. लग्न झालं तेव्हा आम्ही दोघंही सणापुरते ज्यू, पेसाखला सेदर (सणाचं जेवण) आणि योम किप्पूरला उपास एवढंच. पण आता तो बराच बदललाय, म्हणजे काळी हॅट वगैरे नाही, पण शुक्रवारी रात्री न चुकता किद्दूश (वाइनच्या कपावरचा आशीर्वाद) म्हणतो, शनिवारी सकाळी सिनेगॉगला जातो आणि शब्बाथभर (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र) फोन कपाटात टाकतो (हे शेवटचं मला सगळ्यात जास्त आवडलंय 😄).

ऑनलाइन बघायला बसले आणि डोकं गरगरलं. इतक्या वस्तू आहेत आणि सगळ्याच फोटोत भारी दिसतात. आत्तापर्यंत हे बाजूला काढून ठेवलंय: चांदीचा किद्दूश कप, जाळीदार तारकाम केलेला, उंच दांड्याचा. हाताने रंगवलेली रेशमी तल्लीत (प्रार्थनेची शाल), निळा-जांभळा रंग. एक गोल आकाराची दगडी हनुक्किया (हनुक्का सणाचे दिवे लावायची), एकदम मॉडर्न. आणि काचेची मेझुझाची (दाराच्या चौकटीला लावतात ती) डबी. तेफिलीनचा (प्रार्थनेत हाताला-डोक्याला बांधायच्या चामड्याच्या डब्या) पण विचार आला होता पण किंमत बघून दचकले आणि त्यात काय बघून घ्यायचं तेही कळेना.

मला यातलं काय चालतं काय नाही ते नीट माहीत नाही. नुसती शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नकोय आणि त्याने उघडून "वा छान" म्हणून परत बॉक्समध्ये ठेवलेलं तर अजिबात नकोय. आणि हो, सरप्राइज आहे, त्यामुळे त्यालाच विचार असं कृपया सांगू नका.

जुनी_चांदी

साराई, किद्दूश कप डोळे झाकून घ्या. दर शुक्रवारी हातात येणारी वस्तू आहे, हनुक्किया वर्षातून आठ दिवस, एत्रोगची (विधीच्या लिंबूवर्गीय फळाची) डबी सुक्कोत सणाचे सात दिवस, कप मात्र आठवड्याला.

पण डोळे झाकून म्हटलं तरी दोन-तीन गोष्टी उघड्या डोळ्यांनी बघा. पहिलं म्हणजे मापं. कपात निदान एक रेवीइत (धर्मशास्त्रातलं किमान माप) मावलं पाहिजे, हे माप रब्बी खाईम नाए यांच्या हिशोबाने ८६ मिली आणि खाझोन ईश यांच्या हिशोबाने साधारण १५० मिली. नवरा कुठलं मत पाळतो हे माहीत नसेल तर १५० च्या वरचा घ्या, प्रश्नच मिटला. वेबसाइटवर उंची देतात, मिली देत नाहीत, आणि उंच दांड्याच्या कपात अर्धी उंची दांड्यातच जाते, वरची वाटी एवढीशी असते, म्हणून विकणाऱ्याला स्पष्ट विचारा काठोकाठ भरल्यावर किती मावतं.

दुसरं, तारकाम. येमेनी ज्यू सोनार-चांदीवाल्यांची ही खासियत, १९०६ मध्ये बोरिस शात्झ यांनी जेरुसलेमला बेझालेल शाळा काढली तेव्हा तिथेही येमेनी कारागीर हे काम करत होते. सुंदरच असतं, वादच नाही. पण तारांच्या मध्ये वाइन सुकली की काढताना नाकी नऊ येतात, आणि जाळी काळी पडली की पॉलिश आत शिरत नाही. तारकाम फक्त बुडाला आणि दांड्याला असेल आणि वाटी गुळगुळीत असेल असा बघा.

तिसरं, "सिल्व्हर" लिहिलंय म्हणजे चांदी नव्हे. ९२५ चा शिक्का आहे का बघा, नाहीतर सिल्व्हर प्लेटेड म्हणजे मुलामा असतो. मुलामा वाईट नाही, पण आतून पितळ किंवा तांबं असेल आणि मुलामा झिजला तर आंबट वाइन थेट धातूला लागते, आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई का करायचे ते आठवा. आणि जुन्या बाजारातून प्यूटरचा कप घेत असाल तर नकोच, जुन्या प्यूटरमध्ये शिसं असायचं, तो कपाटात शोभतो, प्यायला नाही.

दालिया_बी

मी जरा उलट्या बाजूने येते. वस्तू कुठली ते नंतर, आधी सांग तो आत्ता काय वापरतोय? किद्दूश कशात करतो? सिनेगॉगला जाताना काय घालतो? घरात आधीपासून काय पडलंय? यातलं काहीच न सांगता सगळे कप-कप करतील आणि तुझ्या घरात सासूबाईंनी दिलेले चार कप आधीच असतील.

आपल्यात हिद्दूर मित्झ्वा म्हणतात ना, मित्झ्वा (धार्मिक कर्तव्य) करायचीच तर सजवून करा. तालमूदमध्ये (जुन्या धर्मग्रंथात) शब्बाथच्या मसेखेतमध्ये, म्हणजे खंडात (१३३ब) यादीच आहे, सुंदर सुक्का (सणाचा मांडव), सुंदर लुलाव (खजुराची झावळी), सुंदर शोफार (फुंकायचं शिंग), सुंदर त्झीत्झीत (तल्लीतच्या कोपऱ्यांचे धागे), सुंदर सेफेर तोरा (तोराची गुंडाळी). पण त्याचा अर्थ माणूस जी मित्झ्वा करतोय ती सुंदर कर असा आहे, जी करत नाही तिची वस्तू आणून समोर ठेव असा नाही. यादच्या, म्हणजे तोरा वाचताना ओळीवर फिरवायच्या चांदीच्या कांडीचंच घे, दिसते किती गोड, टोकाला छोटा हात आणि एक बोट पुढे, पण ज्याला तोरा वाचायला येत नाही त्याच्या हातात दिली तर भेट कमी आणि टोमणा जास्त होईल.

साराई_लिहिते

@दालिया_बी बरोबर आहे तुझं. किद्दूश साध्या काचेच्या ग्लासात करतो, ग्लासाला काठावर बारीक टवका आहे पण तोच लागतो त्याला. हनुक्किया आहे, त्याच्या आजीची, पितळेची, ती तो कुणाला हात लावू देत नाही. सिनेगॉगमध्ये दाराशी रॅकवर ज्या कॉमन तल्लीत ठेवलेल्या असतात त्यातलीच एक खांद्यावर टाकतो. किप्पे (डोक्यावरच्या छोट्या टोप्या) ढीगभर आहेत, लग्नांमध्ये वाटलेले साटीनचे. हावदाला (शब्बाथ संपतानाचा विधी) कधी करतो, कधी झोपतो.

@जुनी_चांदी ८६ आणि १५० चं काहीच माहीत नव्हतं, धन्यवाद! मी बघितलेल्या कपाच्या पेजवर फक्त "१४ सेंमी उंच" लिहिलंय.

मोशे_अंकल

टवका गेलेला ग्लास आधी बाजूला करा. किद्दूशचा कप अखंड असावा, तडा किंवा टवका नको असं आहे. हे कारण पुढे करून नवीन कप द्यायला तुम्हाला मोकळं रान आहे.

आता बाकीच्या यादीबद्दल, स्पष्ट बोलतो राग मानू नका.

गोल हनुक्किया: आठही दिवे एका रांगेत, एका उंचीवर हवेत आणि शमाश (बाकीचे पेटवायचा नववा दिवा) वेगळा दिसेल असा. शुल्खान आरूखमध्ये (धर्मनियमांच्या ग्रंथात) गोलात लावलेल्या दिव्यांचं लिहिलंय की ते शेकोटीसारखे एक होऊन जातात. मॉडर्न डिझाइनवाले उंची खालीवर करतात, झाडाच्या फांद्या, लाटा, काय काय. फोटोला मस्त, पेटवायला गोंधळ. आणि सात फांद्यांची मेनोरा चुकून हनुक्कासाठी घेऊ नका, हनुक्कियाला शमाश धरून नऊ लागतात. आजीची आहे म्हणताय तर हा विषयच सोडा, आजीच्या वस्तूशी स्पर्धा करायला जाऊ नये.

तेफिलीन: सरप्राइज म्हणून कधीही नको. आतले चर्मपत्र सोफेरने (धर्मलेखकाने) हाताने लिहिलेले असतात, बाहेरून बघून आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही. अश्केनाझी लिपी वेगळी, सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंची) वेगळी, पट्टा गुंडाळायची दिशा आणि गाठ वेगळी, आणि माणूस डावखुरा असेल तर तेफिलीन उजव्या हाताला बांधतो म्हणजे गाठही त्याप्रमाणे. ही वस्तू ज्याने वापरायची त्याने आपल्या रब्बीला विचारून घ्यायची.

मेझुझा: डबी कितीही भारी घ्या, ती डबीच. मित्झ्वा आतल्या क्लाफची, म्हणजे चर्मपत्राची. २२ ओळी, ७१३ अक्षरं, सोफेरच्या हाताने चर्मपत्रावर लिहिलेली. डबीसोबत "फुकट" येणारा छापील कागद लावला तर दाराला शोभेची वस्तू लावली एवढंच. आणि डबीची आतली लांबी बघून क्लाफ घ्या, १० सेंमीच्या डबीत १२ चा क्लाफ दुमडून कोंबायचा नसतो, नुसता गुंडाळायचा असतो, शेवटाकडून सुरुवातीकडे, म्हणजे शेमा हा पहिला शब्द बाहेरच्या बाजूला येतो.

नाओमी_आणि_चहा

मोशे अंकल सगळ्यांवर फुली मारत सुटलेत 😂 साराई घाबरू नकोस.

मला विचारशील तर तुझं उत्तर तूच लिहून टाकलंयस, "रॅकवरची कॉमन तल्लीत". लग्न झालेला अश्केनाझी माणूस आणि स्वतःची तल्लीत नाही! त्यांच्यात तर बऱ्याच ठिकाणी लग्नानंतरच तल्लीत घ्यायला सुरुवात करतात आणि ती नवऱ्या मुलाला मुलीकडून द्यायची पद्धत आहे. तुमच्या लग्नात कुणी दिली नसेल कारण तेव्हा दोघंही तसे नव्हतात, मग आता दे की. उशिरा का होईना, वधूपक्षाचं देणं 😜

फक्त ती रंगवलेली रेशमी नको. म्हणजे वाईट आहे असं नाही, पण ज्या तल्लीत मी गिफ्ट शॉपमध्ये बघितल्यात त्यातल्या निम्म्या मफलरएवढ्या रुंद असतात, गळ्यात टाकायच्या. तल्लीत अंगावर ओढून घ्यायची असते, पाठ झाकली पाहिजे, डोक्यावरून घेता आली पाहिजे. आणि लोकरीची घेतलीस तर कुणाच्याच मताने प्रश्न नाही, रेशीम-सुती यांच्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. लोकरीवर जर कुठे भरतकाम असेल तर त्यात लिननचा धागा नाही ना हे नक्की विचार, लोकर आणि लिनन एकत्र म्हणजे शातनेझ, मग अख्खी तल्लीत बाद.

काळे पट्टे, निळे पट्टे की पांढऱ्यावर पांढरे हे त्याच्या सिनेगॉगमध्ये काय घालतात ते बघून ठरव. अश्केनाझींमध्ये काळे पट्टे जास्त दिसतात, आपल्याकडे सेफार्दी पद्धतीत पांढऱ्यावर पांढरं. गाठी पण वेगळ्या, चार धागे दुमडून आठ टोकं आणि पाच दुहेरी गाठी हे सगळ्यांचं सारखं पण मधले वेढे अश्केनाझींचे बहुतेक ७-८-११-१३ आणि सेफार्दींच्यात १०-५-६-५ असे असतात, दुकानात ऑर्डर करताना विचारतात त्यामुळे आधीच ठरवलेलं बरं.

सजावट हवीय ना? मग अतारा बघ, मानेवर येते ती पट्टी. चांदीच्या तुकड्यांची मिळते, भरतकामाची मिळते, आणि पिशवी. खरी हौस तिथे भागवायची.

जुनी_चांदी

चांदीचा अतारा दिसतो राजेशाही पण वजन बघा. हलक्या तल्लीतला जड अतारा लावला की ती सारखी मागे घसरते आणि माणूस अख्खी तेफिला (प्रार्थना) ती सावरण्यात घालवतो. शिवाय तल्लीत ड्राय क्लीनला देताना दर वेळी उसवून काढा आणि परत लावा. नवऱ्याचा स्वभाव साध्या ग्लासात किद्दूश करणारा दिसतोय, तो चांदीचा पट्टा मानेवर मिरवेल का? मला शंका आहे. मी अजून कपावरच आहे 🙂

रब्बीनगरची_सून

कप असो की काही असो, जेवणाखाण्याचं धातूचं किंवा काचेचं भांडं ज्यू नसलेल्या कारखान्यातून किंवा दुकानातून आलेलं असेल तर वापरायच्या आधी मिकवेत (विधीच्या पाण्याच्या कुंडात) बुडवून आणावं लागतं हे कुणी लिहिलंच नाही वरती. सरप्राइज द्यायचं आणि लगेच त्या रात्री वापरायचं असेल तर ते आधीच उरकून ठेव. स्टिकर आणि त्याचा चिकटपणा पूर्ण काढून मगच.

आणि नाव कोरणार असशील तर लक्ष दे. हिब्रू उजवीकडून डावीकडे. कोरणाऱ्याला हिब्रू येत नसेल तर त्याचा कॉम्प्युटर अक्षरांची ओळ उलटी करून टाकतो, अक्षर अक्षर बरोबर आणि नाव मात्र मागून पुढे! दालेत आणि रेश, हे आणि खेत, बेत आणि खाफ, यांच्यात इतका बारीक फरक असतो की फॉन्ट बदलला तरी नाव बदलतं. कोरण्याआधी नमुन्याचा फोटो मागव आणि हिब्रू वाचता येणाऱ्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घे.

देवाचं नाव असलेला पासूक (धर्मग्रंथातलं वचन) कोरू नकोस. ती वस्तू मग मोडली तरी टाकता येत नाही, गेनिझात (जुन्या पवित्र वस्तू साठवायच्या जागी) द्यावी लागते. कपावर नुसतं "बोरे प्री हागाफेन" (वाइनच्या आशीर्वादाचे शेवटचे शब्द) असतं बघ, त्यात नाव येत नाही, म्हणून ते सर्रास चालतं.

साराई_लिहिते

अरे बापरे, एवढं सगळं! मी पोस्ट टाकून स्वयंपाकाला गेले आणि इथे महाभारत झालं.

नाओमी, तल्लीतचं एकदम पटलं. पण काल एक गोष्ट झाली. किप्प्यांचा ढीग बघायला त्याचं कपाट उघडलं (हेरगिरी, हो) तर सगळ्यात खाली एक पिवळी पडलेली मखमली पिशवी सापडली, आत तल्लीत. लोकरीची, काळे पट्टे, बऱ्यापैकी मोठी. सासूबाईंना फोन करून हळूच विचारलं तर म्हणाल्या त्याच्या आजोबांची आहे, ते गेले तेव्हा त्यांना दुसरी नवी तल्लीत घालून नेलं आणि ही घरात राहिली. एका कोपऱ्याचे त्झीत्झीत तुटून दोन-तीन धागेच उरलेत, दुसऱ्या कोपऱ्याचे पण विरलेत. कापड मात्र अजून दणकट आहे. पिशवीची चेन गेलीय आणि भरतकाम उसवलंय.

म्हणजे त्याला तल्लीत नकोय असं नाही, ही आहे पण वापरता येत नाही आणि टाकवत पण नाही, असं काहीतरी असणार. आता मला नवीन घ्यावी की हीच नीट करावी हेच कळेना. अशी जुनी दुरुस्त करून चालते का?

मोशे_अंकल

चालते. त्झीत्झीत हे बदलण्यासाठीच असतात. जुने काढून चारही कोपऱ्यांना नवीन बांधायचे, मात्र धागे मित्झ्वासाठी म्हणून कातलेले हवेत, म्हणजे हेखशेर (रब्बींचं प्रमाणपत्र) असलेलं पाकीट घ्यायचं, कुठलीही लोकर नव्हे. बांधायला त्याच्या सिनेगॉगमधला कुणी जाणकार पुरुष मिळतो का बघा, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. कोपऱ्याची भोकं फाटलेली असतील तर आधी तिथे ठिगळ लावून मजबूत करून घ्या, नंतर नवीन बांधा, हा क्रम उलटा करायचा नाही. त्झीत्झीत आधी बांधले आणि भोक नंतर शिवलं असं झालं तर शंका निघतात. काढलेले जुने धागे केराच्या डब्यात नका टाकू, गेनिझात देतात किंवा पुस्तकात खूण म्हणून ठेवतात.

ही मला पटलेली भेट आहे. (बघा नाओमीबाई, सगळ्यावर फुली नाही मारत मी.)

दालिया_बी

मला मात्र एक खटकतंय. आजोबांची वस्तू त्याला न सांगता उसवायची? चांगल्या मनाने करशील, पण कदाचित ते तुटके धागे त्याने मुद्दाम तसेच ठेवले असतील. माझ्या ओळखीत एकीने नवऱ्याच्या वडिलांचा सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) सरप्राइज म्हणून नवीन बाइंडिंग करून आणला, आतली वडिलांच्या हातची पेन्सिलची टिपणं असलेली कोरी पानं बाइंडरने फेकून दिली. त्या घरात आजही तो विषय काढत नाहीत.

सरप्राइज महत्त्वाचं की वस्तू महत्त्वाची हे तू ठरव.

नाओमी_आणि_चहा

दालियाचं खरंय. मग असं कर ना, तल्लीतला हातच नको लावूस. नवीन त्झीत्झीतचं पाकीट आण, आणि पिशवी नवीन करवून घे, पिशवी हेच गिफ्ट. त्याने पिशवी उघडली की आत त्झीत्झीतचं पाकीट. पुढचं तो करेल, स्वतः बांधायला शिकायचं तरी शिकेल नाहीतर कुणाकडे देईल. त्याची वस्तू, त्याचा निर्णय, आणि तुझं सरप्राइज पण शाबूत.

पिशव्या काय एकेक मिळतात माहितीय! मखमल नेहमीची आहेच पण जेरुसलेमचे लोक रॉ सिल्कवर भरतकाम करतात, डाळिंबं, शहराच्या भिंती, सात धान्य-फळं, लिननच्या पिशव्या आहेत, लेदरच्या आहेत. पिशवीला शातनेझची भानगड नाही, ती काही अंगावर घालायची नाही, त्यामुळे कापड हवं ते घे. तुला सजावटीची वस्तू द्यायची होती ना, इथे मनसोक्त सजव.

जुनी_चांदी

ठीक आहे, कप हरला. पण टवक्याचा ग्लास तेवढा बदला हो, साधा चांगला काचेचा का होईना 🙏

इलान_तेलअवीव

उशिरा आलो. मी पिशव्यांची ऑर्डर घेणाऱ्या एका दुकानात काम करतो (नाव सांगत नाही, जाहिरात नको), म्हणून नेहमी अडतं ते लिहितो.

माप घेताना रिकाम्या जुन्या पिशवीचं नका घेऊ. तल्लीत घडी घालून, तो घालतो तशी घडी, त्याच्या कडा मोजा आणि चारही बाजूंनी थोडं सैल धरा. लोकरीची मोठी तल्लीत घडी करूनही चांगली जाड होते, रेशमीच्या मापाची पिशवी घेतली तर चेन लागत नाही आणि मग लोक कोंबतात, महिन्याभरात चेन गेली. बहुधा जुन्या पिशवीची पण तशीच गेली असेल. पुढे तेफिलीन घेण्याचा त्याचा विचार असेल तर त्याची वेगळी छोटी पिशवी जोडीने, त्याच डिझाइनची, आत्ताच करून घ्या, नंतर तोच धागा, तोच रंग मिळत नाही.

नाव भरताना हिब्रू नाव पूर्ण द्यायचं, अमुक बेन तमुक, वडिलांचं नाव धरून. अश्केनाझी घरात यिद्दिश नाव पण असतं, हर्श, लेइब वगैरे, आणि त्याचं स्पेलिंग हिब्रूसारखं नसतं, तिथे ऑर्डर चुकतात. त्याच्या केतुबावर (लग्नाच्या करारपत्रावर) त्याचं नाव कसं लिहिलंय ते बघा, तुमच्याकडेच असेल, केतुबा बायकोकडेच असते 🙂 तिथलं अक्षरश: उतरवून पाठवा, फोटोच पाठवा.

आणि सिनेगॉगला चालत जात असेल तर शब्बाथला पिशवी हातात घेऊन रस्त्याने जाता येत नाही, एरुव्ह (शब्बाथला वस्तू नेता याव्यात म्हणून वस्तीभोवती आखलेली हद्द) नसेल तर. तल्लीत अंगावर घालून जातात, पिशवी घरी. तुमच्याकडे एरुव्ह आहे का?

साराई_लिहिते

@इलान एरुव्ह नाही आमच्याकडे. म्हणजे रॅकवरची तल्लीत तो घेतो त्यामागे हे पण कारण असेल, मला कधी सुचलंच नव्हतं. सिनेगॉगमध्ये नावाचे छोटे कप्पे आहेत पण, सासरे तिथेच ठेवायचे असं सासूबाई म्हणाल्या, तर पिशवी तिथेच राहील बहुतेक. मग नाव बाहेरून दिसेल असं मोठं भरायला सांगते, कप्प्यात सगळ्या निळ्या मखमली पिशव्या सारख्याच दिसतात म्हणे.

केतुबा काढून बघितली. त्याचं नाव "त्झ्वी हर्श बेन आव्रोहोम". मला इतकी वर्षं फक्त त्झ्वी माहीत होतं!

ठरलं मग. पिशवी रॉ सिल्कची, गडद हिरवी (निळी नको म्हणजे नकोच), डाळिंबांचं भरतकाम, त्याच्याबरोबर तेफिलीनची रिकामी छोटी पिशवी पण, त्याचा अर्थ त्याने काय काढायचा तो काढू दे. आत हेखशेर असलेलं त्झीत्झीतचं पाकीट. तल्लीतला हात लावत नाही. आणि @जुनी_चांदी, ग्लास मी आज "चुकून" फोडते 😇

एकच विचारायचं राहिलं, आजोबांच्या जुन्या पिशवीचं काय करायचं? ती पण गेनिझात द्यावी लागते का?

मोशे_अंकल

पिशवी मित्झ्वाची सेवा करणारी वस्तू, तिच्यात स्वतःची पवित्रता तेवढी नाही, पण अगदी कचऱ्यातही टाकत नाहीत, नीट गुंडाळून वेगळी ठेवतात. तुमच्या बाबतीत मात्र काहीच करू नका. भेट उघडल्यावर ती कुठे ठेवायची ते त्यालाच ठरवू द्या. आणि ग्लास फोडायची गरज नाही, त्यात फुलं ठेवा.

नाओमी_आणि_चहा

फोटो टाक गं पिशवी आली की! आणि भरतकामाचा नमुना आला की आधी इथे दाखव, आम्ही सगळे हर्शमधलं रेश तपासू, दालेत नाही ना झालं ते 😄